रिकाम्याचं वजन

सावद्याच्या बायपासला, केळीच्या वखारीसमोर
मी काटा चालवते. वजनकाटा.
दिवसाला साठ-सत्तर ट्रक
माझ्या खिडकीपुढे येऊन उभे राहतात
आणि मी चिठ्ठी फाडून देते:
भरलेलं इतकं, रिकामं इतकं, माल इतका.

पहाटे साडेचारला गच्चीवर चटई टाकते.
भंगाळे सरांनी सांगितलंय, काही करायचं नाही,
नुसता श्वास बघायचा.
येतोय. जातोय.
एवढंसं काम,
नऊ महिने झाले, हाताला लागत नाही.

श्वास एक, दोन, तीन.
चौथ्याला जाऊबाईंचं वाक्य येतं,
फैजपूरच्या लग्नात, पंगतीत वरणबट्टी वाढता वाढता
सगळ्यांदेखत म्हणालेलं:
"तुमचं काय बाई, ना लेकरू ना लेंढार."
सोळा वर्षं झाली.
त्याला उत्तर मी आत्ता देते, डोळे मिटून,
फार चोख उत्तर.
मग दुसरं, त्याहून चोख.
मग आठवतं, अरे, श्वास.

डास.
डावा गुडघा.
उंदरांनी पुन्हा कुरतडलेली ठिबकची नळी.
भुसावळकडून मालगाडीचा भोंगा,
आणि मी मिटल्या डोळ्यांनी तिचे डबे मोजू लागते,
छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न,
त्यात मात्र एकदाही चूक होत नाही.

वैशाखात एकदा, रात्रभर तापलेली गच्ची
पहाटेही निवली नव्हती, तेव्हा
मी उठले, चटई गुंडाळली
आणि दिली भिरकावून.
ती नेहेत्यांच्या गोठ्यात पडली, म्हशीच्या पुढ्यात.
सकाळी मागायला गेले तर काकू म्हणाल्या,
"वाऱ्यानं आली का गं?"
केळीचं पान हलत नव्हतं त्या दिवशी.
"हो ना," म्हटलं, "वाऱ्यानंच."

सरांना सांगितलं. वाटलं, हसतील.
ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले,
"माझं हे एकतिसावं वर्ष.
काल अख्खा तास मी भरिताची वांगी भाजत होतो.
काट्या तुरीच्या होत्या. धूर फार झाला."

त्याच आठवड्यात काटा बिघडला.
वर गाडी नाही, माणूस नाही,
आणि लाल आकडे थांबायला तयार नाहीत:
वीस, तीस, वीस, तीस.
मी बटण दाबून शून्य करायची, ते पुन्हा उठायचे.
मशीनवर थापड मारली. दुसरी मारली.
जळगावहून रऊफभाई आले, तार बघितली, डबी उघडली,
मग उन्हात चालत प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला गेले,
जिथवर माझी खिडकी पोचत नाही.
तिथे पाटीच्या सावलीत
एक कुत्री पिलांना पाजत पडली होती.
"काटा एकदम बरोबर आहे, ताई," ते तिकडूनच ओरडले.
"वजन आहे म्हणून दाखवतोय.
बिघडला असता तर गप्प बसला असता."

त्यांनी तिला हाकललं नाही. मीही नाही.
दुपारभर प्रत्येक चिठ्ठीतून
मी ती कुत्री वजा करत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाक्य आलं,
ठरल्या वेळी, चौथ्या श्वासाला.
आलं, कोपऱ्यात जाऊन बसलं.
दिसलं मला, किती आहे ते.
उत्तर दिलं नाही.
म्हणजे, अर्धंच दिलं,
आणि उरलेलं अर्धं जिभेवर तसंच राहिलं,
कच्च्या केळीच्या चिकासारखं.

गाडी रिकामी असली तरी तिचं वजन असतं,
ते आधी लिहून घ्यावं लागतं, नाहीतर मालाचा हिशोब लागत नाही.
आणि ते घेताना ड्रायव्हरला
खाली उतरायला सांगावं लागतं.
कुणी पटकन उतरत नाही.
एसी चालू ठेवून म्हणतात, माझं असं कितीक वजन असणार?

उतरा दादा, मी माइकवरून म्हणते.
दिवसातून साठ वेळा म्हणते.

उद्या गुडघ्याखाली उशी घ्यायची आठवण ठेवली पाहिजे.